आमच्या घरातलं ‘इट’

मी बेंगळुरूत, राजाजीनगरातल्या एका शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. पाचवी ते सातवी. या वयाच्या मुलांना इंग्रजीतली सर्वनामं शिकवायची म्हणजे शिक्षकाच्या अंगात थोडा नटपणा लागतो. माझ्या वर्गात कानडी, तमिळ, उर्दू, तेलुगू बोलणारी मुलं असत आणि त्यांच्यात आमच्यासारख्या इथेच मुरलेल्या घरांतली दोनचार मराठी मुलं. फळ्यावर ‘शी’ लिहिलं की ही मराठी कार्टी नाक धरून खुदुखुदु हसायची. ‘ही’ लिहिलं की त्यांच्या डोळ्यांसमोर बाई उभी राहायची. मी डोळे वटारायचे, डस्टर आपटायचे आणि मग मलाच हसू फुटायचं.

त्याच धड्यात पुढे बाळाचं वाक्य होतं. बाळ रडतंय, त्याला भूक लागली आहे. मुलगा की मुलगी हे ठाऊक नसेल तर बाळाला ‘इट’ म्हणावं असा नियम. तोही मी वर्षानुवर्षं शिकवला. नियम चुकीचा नव्हता, पण मला तो कधी आवडला नाही. आपल्याकडेही बाळ नपुंसकलिंगीच असतं. ते बाळ, ते लेकरू, ते पिल्लू, ते कोकरू. पण ‘कसं बघतंय बघ लबाड’ असं म्हणताना आपला आवाज आपोआप मऊ होतो. शेजारची कानडी अक्का बाळाला ‘मगू’ म्हणते तेव्हा तिचाही होतो. इंग्रजीतला ‘इट’ मात्र खुर्चीला तोच, टेबलाला तोच, दारात उभ्या असलेल्या स्कूटरला तोच. त्यात बाळाला बसवलं की बाळ फार एकटं दिसतं, असं माझं मत आहे. व्याकरणाच्या पेपरात मी ते कधी लिहिलं नाही, पण आहे.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी माझ्या मुलाचा हॉस्पिटलमधून फोन आला. सुनेला सहावा महिना लागला होता आणि सकाळी अचानक दुखायला लागलं म्हणून तो तिला घेऊन गेला होता. आम्ही दोघं नवरा-बायको फोनपाशीच बसून होतो. तो म्हणाला, “आई, वी लॉस्ट इट.”

माझा मुलगा माझ्याशी कधी इंग्रजीत बोलत नाही. घरात आमची ती कानडीमिश्रित मराठी, रस्त्यावर कानडी, ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी, असा त्याचा हिशेब. पण रडू आवरायचं असलं की तो इंग्रजीत शिरतो. लहानपणी गुडघा फुटला तरी ‘आय ॲम ओके’ म्हणत घरात यायचा. त्यामुळे ते वाक्य ऐकताक्षणी मला दोन गोष्टी कळल्या. बाळ गेलं, आणि माझा मुलगा रडतोय.

सून पुण्याची. लग्न होऊन आली तेव्हा आमची भाषा ऐकून हसून लोळायची. आमच्या पूर्वजांनी इथे येऊन घोडी बांधली त्याला तीनचारशे वर्षं तरी झाली असतील, तेव्हा मराठी पुण्यासारखी राहील कशी? मी तिला म्हणायचे, “स्वल्प थांब गं, सांबार उकळू दे.” ती म्हणायची, “आई, स्वल्प विराम घेऊ की स्वल्प बसू?” यजमानांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, तर कानडीत अण्णा म्हणजे मोठा भाऊ हे कळल्यावर ती विचारायची, मुलगा वडिलांना मोठा भाऊ कसा काय समजतो. मुलगा आणि सून आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात. संध्याकाळी ऑफिसमधून आली की जिन्याच्या पहिल्या पायरीपासून तिची बडबड सुरू व्हायची. मी स्वयंपाकघरातून हुंकार द्यायचे. कोणी माझ्याशी इतकं बोलतंय याची मला फार चैन वाटायची, खरं सांगते.

हॉस्पिटलमधून आल्यावर ती गप्प झाली. तिची आई पुण्याहून येऊन महिनाभर राहून गेली. मग घरात आम्ही चौघं उरलो. यजमानांनी आणि मी ठरवलं की विषय काढायचा नाही. अक्कालाही मी कंपाउंडपाशी गाठून सांगितलं, काही विचारू नको. तिने “सरी, सरी” म्हणत मान हलवली. आम्हाला वाटलं, जखमेवरची खपली काढण्यात कसलं आलंय शहाणपण? बोलावं लागलंच तर आम्ही ‘ते झालं तेव्हा’ म्हणायचो. ‘त्या वेळी.’ ‘त्यानंतर.’ दिवाळी ‘त्यानंतर’ची पहिली म्हणून फराळही बेताचाच केला.

सून खाली यायची, जेवायची, “छान झालंय, आई” म्हणायची, ताट विसळून वर जायची. वागण्यात काडीची खोट नव्हती. उलट पूर्वी ताट तसंच ठेवून पळायची आणि मी ओरडायचे, तेच मला हवंहवंसं वाटायला लागलं. मला माझी सून परत हवी होती. घरातच होती, रोज दिसत होती, पण पहिल्या पायरीपासून बोलत येणारी ती कुठे गेली होती ते मला सापडत नव्हतं.

पुढच्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. मी कोथिंबीर निवडत होते. ती दारात उभी राहून म्हणाली, “आई, इट्स पॉझिटिव्ह.” मी उठून तिला जवळ घेतलं. ती उभीच्या उभी राहिली, हात माझ्या पाठीवर ठेवले, पण ठेवायचे म्हणून.

त्यानंतर मी कान देऊन ऐकत राहिले. मास्तरीणबाईची खोड, जात नाही. ती ‘बाळ’ म्हणत नव्हती. फोनवर मैत्रिणीला सांगायची, इट इज फाइन सो फार. नवऱ्याला सांगायची, इट्स ग्रोथ इज नॉर्मल. जणू काही बाहेरून पार्सल यायचंय आणि ते वाटेत कुठवर आलंय ते ती बघतेय. प्रत्येक ‘इट’ मला टोचायचा. पण म्हणणार काय? नियम मीच शिकवत आलेली. शिवाय तिने जीव लावायचा नाही असं ठरवलं असेल तर तो तिचा हक्क होता. एकदा हात पोळलेला. मला भीती एवढीच वाटत होती की बाळ येईल आणि ही तशीच दारात उभी राहील.

पाचव्या महिन्याच्या स्कॅनला मुलाला ऑफिसच्या कामाने चेन्नईला जावं लागलं. मी सुनेबरोबर निघाले तर यजमान चपला घालून दारात हजर. मी म्हटलं, “तुमचं काय काम तिथे?” म्हणाले, “गाडी कोण चालवणार, तू?” यजमान पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टूल रूममधून निवृत्त झालेले. जन्मभर पोलादाचे सुटे भाग मोजून मापून केले. तिथे केसभर फरक चालत नाही, आणि त्यामुळे आपण काही चुकीचं ऐकू किंवा समजू शकतो हे त्यांना पटतच नाही.

दवाखाना छोटा. भिंतीवर कानडीत आणि इंग्रजीत मोठी पाटी: इथे गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही, तो गुन्हा आहे. आणि त्या पाटीखाली बसलेली माणसं मात्र जिवाचा कान करून बसलेली. एरवी ज्यांना इंग्रजीचं वावडं, अशा आज्याही आतून बाहेर आल्या की सुनेला विचारतात, डॉक्टर काय म्हणाल्या, ‘ही’ म्हणाल्या की ‘शी’? सगळ्या इंग्रजी भाषेतले दोनच शब्द त्यांनी कमावलेले. मी तीस वर्षं घसा फोडून जे शिकवलं ते या बायकांनी न शिकता आत्मसात केलं होतं.

डॉक्टरीणबाई साधारण चाळिशीच्या, हसतमुख, बोलणं अर्धं इंग्रजी अर्धं कानडी. आम्हा दोघांनाही त्यांनी आत येऊ दिलं. पडद्यावर काळंपांढरं काहीतरी हललं. मला त्यातलं काही कळलं नाही, पण नजर हलेना. डॉक्टर म्हणाल्या, “सी, ही इज स्लीपिंग.”

यजमानांनी मला कोपराने ढोसलं. मी त्यांच्याकडे बघितलं तर गृहस्थांचा चेहरा असा, की सरकारी गुपित हाती लागलंय आणि आता ते प्राण गेला तरी फोडायचं नाही. सून छताकडे बघत होती. घरी येताना गाडीत ते शीळ घालत होते. सिग्नलला मागच्या माणसाने हॉर्न वाजवला तरी त्यांनी शिवी दिली नाही, यावरून काय ते समजावं.

गुपित कसलं टिकतंय. दुसऱ्या दिवशी सून खाली आली तर म्हणाले, “काय गं, आमचा पैलवान उठला का?” ती नुसती हसली. मी त्यांना आत ओढून नेलं.

“‘ही’ म्हणजे मुलगाच असं नसतं हो. जुन्या इंग्रजीत कुणालाही ‘ही’ म्हणायची पद्धत आहे. माणूस म्हणून.”

“ते तुझ्या पुस्तकात. डॉक्टर काय पुस्तकातलं वाचून दाखवतात?”

“आणि मुलगी असली तर?”

“असली तर असली. मला काय, मांडीवर घ्यायला कुणी तरी मिळाल्याशी कारण. पण ‘ही’ म्हणाल्यात हे तू पण ऐकलंस.”

ऐकलं होतं. आणि मीसुद्धा त्या पाटीखाली बसून कान टवकारले होतेच, कशाला खोटं बोलू? फक्त मला व्याकरणाच्या आड लपता येत होतं, त्यांना येत नव्हतं.

मग महिनाभर घरात पैलवान राहिला. पैलवानाला बदाम द्या, पैलवानाला गार हवा लागेल, खिडकी लावा. सून सगळं ऐकून घ्यायची. एकदा मात्र जिन्यात थांबून मला म्हणाली, “अण्णा किती खूश आहेत ना.” तिच्या आवाजात काहीतरी होतं. मला वाटलं, थकली असेल.

पुढच्या तपासणीला पुन्हा आम्ही दोघं गेलो, कारण मुलगा ट्रॅफिकमध्ये अडकला आणि फोनवर नुसता ‘आलोच, आलोच’ करत राहिला. सून टेबलावर झोपली. पोटावर ते गार जेल लावल्यावर ती थोडी शहारली. डॉक्टरांनी यंत्र फिरवलं, पडद्याकडे वाकून बघितलं आणि हसत म्हणाल्या, “टुडे शी इज हायडिंग हर फेस.”

यजमानांना राहवलं नाही. “डॉक्टर, लास्ट टाइम यू सेड ‘ही’.”

डॉक्टर खळखळून हसल्या. म्हणाल्या, “अंकल, मी एका वेळी ‘ही’ म्हणते, पुढच्या वेळी ‘शी’. सगळ्यांना तसंच. तुमच्यासारखे कान लावून बसणारे रोज येतात, त्यांचा काही हिशेब लागू नये म्हणून.” मग सुनेच्या पायावर पांघरूण सरकवत म्हणाल्या, “आणि ‘इट’ म्हणायला मला जमत नाही. आईच्या तोंडासमोर तर नाहीच.”

मला ती बाई तिथल्या तिथे आवडली. यजमानही हसले, कपाळावर हात मारून घेतला. “म्हणजे पैलवान की पैलवानीण, शेवटपर्यंत कळायचं नाही तर.” आम्ही तिघं हसत होतो आणि मी सहज सुनेकडे बघितलं. तिचे डोळे उघडे होते आणि पाणी डोळ्यांच्या कडांमधून कानांकडे वाहत होतं. आवाज नाही, हुंदका नाही. डॉक्टरांचंही लक्ष गेलं. त्यांनी टिशू दिले, ठोके मोठ्या आवाजात ऐकवले, “बेबी इज फाइन, मा, सगळं छान आहे” म्हणाल्या. सुनेने मान हलवली आणि ती रडत राहिली.

आम्ही घरी निघालो. यजमान आरशातून मागे बघत होते, मी खिडकीबाहेर. आणि माझ्या डोक्यात तिडीक उठत होती. मला जे दिसलं ते असं: महिनाभर हिला मुलगा होणार असं घरात चाललं होतं, आज डॉक्टर ‘शी’ म्हणाल्या आणि हिला रडू फुटलं. तेसुद्धा डॉक्टरांनी खुलासा केल्यावर, की ते काही खरं नाही. म्हणजे ‘शी’ हा नुसता शब्द कानावर पडला तर एवढं? पुण्याची, इंजिनिअर झालेली, लॅपटॉपवर जगभरच्या लोकांशी बोलणारी मुलगी, आणि हिला मुलगा हवा? माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली माझ्या डोळ्यांपुढे आल्या, ज्यांच्या आयांना त्या नको होत्या. मी घरी जाईपर्यंत एक अख्खं भाषण तयार केलं.

हिवाळा होता. या दिवसांत बेंगळुरूत घरोघरी अवरेचे दाणे येतात, आपल्या पावट्याच्या जातीचे. ते भिजत घालायचे आणि मग एकेक दाणा चिमटीत दाबायचा, की साल सुटून दाणा टुणकन बाहेर उडतो. वेळखाऊ काम, दोघींनी करायचं. मी भिजवलेल्या दाण्यांचं पातेलं आणि रिकामी परात घेऊन संध्याकाळी वर गेले. ती गॅलरीत खुर्चीवर बसली होती. मी वेताच्या मोढ्यावर बसले, परात मध्ये ठेवली. ती मुकाट्याने सोलायला लागली.

मी भाषण सुरू केलं. मुलगी झाली तर आम्हाला आनंदच होईल. अण्णा ‘पैलवान, पैलवान’ करतात ते नुसतं तोंडाने, मनात काही नसतं त्यांच्या. मला स्वतःला मुलगी हवी होती, झाली नाही, म्हणून तर तू आलीस तेव्हा मला एवढा आनंद झाला. आणि आजच्या काळात शिकल्यासवरलेल्या बाईने असं मनाला लावून घेणं मला काही पटलं नाही, स्पष्ट सांगते. दाणे परातीत पडत होते. तिने मला शेवटपर्यंत बोलू दिलं.

मग म्हणाली, “आई, तुम्हाला वाटलं मला मुलगा हवाय?”

“मग रडलीस कशाला?”

ती हातातल्या दाण्याकडे बघत होती. म्हणाली, “पहिली मुलगी होती.”

मला आधी कळलंच नाही. पहिली काय, पहिली कोण? मग कळलं.

“नर्सने दाखवली मला,” ती म्हणाली. “मी घेतली होती तिला. थोडा वेळ. मग त्यांनी नेली.”

“आणि हे तू आम्हाला आज सांगतेयस?” माझा आवाज चढला. दुःख झालं की मला आधी राग येतो, स्वभावच आहे. “वर्ष होऊन गेलं. एका घरात राहतो आपण.”

“कुणी विचारलंच नाही, आई.” ती अगदी शांत होती. “सगळे ‘ते झालं’ म्हणत होते. तुमचा मुलगा ‘इट’ म्हणत होता. माझी आई म्हणाली, विसर ते. मग मी पण तसंच म्हणायला लागले. मला वाटलं, तसंच म्हणायचं असतं.” मग थोडं थांबून म्हणाली, “आज त्या डॉक्टर ‘शी’ म्हणाल्या ना. माझ्या पोटावर हात ठेवून. मला क्षणभर वाटलं, त्या तिच्याबद्दलच बोलतायत. कुणीतरी पहिल्यांदा तिच्याबद्दल बोललं.”

 खालच्या रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की इंग्रजीचा ‘आय’ विचारत नाही तुम्ही बाई की पुरुष, ‘यू’सुद्धा विचारत नाही, जो समोर नाही त्याच्याबद्दल बोलताना मात्र ते सांगावंच लागतं. हे सगळं मला पाठ होतं. आणि माझ्या घरातून एक जण निघून गेलं होतं आणि त्याच्याबद्दल हा प्रश्न विचारायचं आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. आम्ही त्या न विचारण्यालाच माया समजत होतो. मायाच होती ती, नाही असं नाही. पण ती मुलगी त्या मायेत कुठेच नव्हती.

मग मी विचारलं. “कशी होती गं?”

तिने माझ्याकडे बघितलं. मी गंमत म्हणून किंवा बरं वाटावं म्हणून विचारत नाहीये ना, ते बघत असावी. मग म्हणाली, “इवलीशी. केस होते, ओले. आणि बोटं लांब होती, आई. तुमच्यासारखी.”

मी माझ्या हातांकडे बघितलं. अवरेच्या पाण्याने बोटं पांढरी, सुरकुतलेली झाली होती.

“आणि नाक?”

“नाक तुमच्या मुलाचं.”

“म्हणजे बटाटा.”

ती हसली. डोळ्यांत पाणी तसंच, आणि खळकन हसली. ते हसू मी किती दिवसांनी ऐकत होते. मग मी रडले. अगदी मोठ्याने, पदर तोंडात धरून. ती उठली आणि माझ्यापाशी खाली बसली, तेवढ्या पोटाने. मी म्हणतेय, “अगं खाली बसू नकोस, उठता यायचं नाही.” आणि ती म्हणतेय, “बसू द्या हो, आई.” मग ती सांगत राहिली. नर्सने तिला कसल्या कपड्यात गुंडाळलं होतं, ती किती हलकी होती, तिच्या कपाळावर कसा एक लालसर डाग होता. दाणे अर्धेच सोलून झाले. त्या दिवशी आम्ही सगळे दहीभात जेवलो.

यजमानांना मी खाली जाऊन सांगितलं. ते गेटपाशी स्कूटर पुसत होते. हातातलं फडकं त्यांनी घडी करून सीटवर ठेवलं, पुन्हा उलगडलं, पुन्हा घडी केली. म्हणाले, “आणि मी तिच्यासमोर पैलवान, पैलवान करत बसलो.” मी म्हटलं, तुम्हाला कुठे ठाऊक होतं. पण ते ऐकत नव्हते. आमचे यजमान मुलाच्या लग्नानंतर हाक न मारता कधी वर जात नाहीत. त्या दिवशी ते तडक जिना चढून गेले. मी मागोमाग. दारात उभे राहिले, आत गेले नाहीत. सून उठायला लागली तर हातानेच बस म्हणाले.

“मी आजोबा झालो होतो,” ते म्हणाले. “मला सांगितलं नाहीस होय गं?”

सून म्हणाली, “चुकलं, अण्णा.”

“तुझं नाही चुकलं. मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.” आणि ते खाली येऊन पुन्हा स्कूटर पुसायला लागले.

त्या रविवारी मुलाने वडिलांना गाडीत बसवलं आणि तिला जिथे मातीत ठेवलं होतं तिथे घेऊन गेला. तिला पोचवायला तो एकटाच गेला होता, हेही आम्हाला त्या रविवारीच कळलं. मी आणि सून घरी थांबलो. दोघं परत आल्यावर कॉफी पिताना मुलगा म्हणाला, “आई, तिथे झाड आहे एक मोठं. सावली असते तिच्यावर.” मराठीत म्हणाला, आणि म्हणताना त्याचे डोळे भरून आले तरी त्याने भाषा बदलली नाही.

घरात मग बोलणं सुरू झालं. फार नाही, पण ओघात यायचं. ती असती तर आता चालायला लागली असती. तिचं नाक बटाटा होतं, आता याचं कसं असतं बघू. अक्कालाही सांगितलं. तिने आपल्या न राहिलेल्या दोन मुलांबद्दल पहिल्यांदा मला सांगितलं, इतक्या वर्षांच्या शेजारात. आणि सून एके दिवशी जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच ओरडली, “आई, आज ते इतकं लाथा मारतंय ना, मीटिंगमध्ये माझा लॅपटॉप हलला.” माझ्या हातातून पळी पडली. ‘ते’ म्हणाली होती ती, आणि आवाज मऊ झाला होता. मी मुद्दाम म्हटलं, “स्वल्प हळू बोल, ऐकतंय ते.”

बाळ झालं ते सकाळी, उन्हं वर यायच्या वेळी. मुलगा झाला. सगळं नीट झालं, आई चांगली, बाळ चांगलं. आम्हाला खोलीत सोडलं तेव्हा सून उशीला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला पण डोळे टक्क उघडे. माझा मुलगा तिच्या उशाशी. थोड्या वेळाने नर्स बाळाला दुपट्यात गुंडाळून घेऊन आली. केरळची असावी, तरुण, गालावर खळी. यजमान अंगभर हसत उभे होते. त्यांच्याकडे बघून ती म्हणाली, “फर्स्ट ग्रँडचाइल्ड, अंकल?”

“नो, सिस्टर,” यजमान म्हणाले. “सेकंड. फर्स्ट इज अ गर्ल.”

त्यांनी ते सहज म्हटलं. घरात जसं बोलत होतो तसं. नर्सला काय ठाऊक? तिचा चेहरा आणखी खुलला. ती खोलीभर बघत म्हणाली, “ओ, व्हेअर इज शी? व्हाय डिडन्ट यू ब्रिंग हर?”

यजमानांचं हसू गोठलं. माझ्या मुलाने मान खाली घातली.  मी काहीतरी सारवासारव करावी म्हणून पुढे झाले, घरी आहे म्हणणार होते की काय, देव जाणे. तेवढ्यात पलंगावरून सून बोलली. आवाज थकलेला होता, पण कापत नव्हता.

“शी डिडन्ट लिव्ह, सिस्टर,” ती म्हणाली. “शी केम बिफोर हिम.”

आणि तिने बाळाला घ्यायला दोन्ही हात पुढे केले.